अपडेट आणि डिलीट पुन्हा पुन्हा रेंगाळतात: फॉरेन कीचा खर्च नेमका कुठे पडतो आणि तो कसा कमी करायचा

तक्रार साधारण अशी असते. ज्या टेबलवर काम करायचं ते लहान, बदलायच्या रो पाचशेच्या आत, व्हेअरमधल्या कॉलमवर इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) आहे, एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) प्लॅनही साफ दिसतो. तरी प्रॉडक्शनवर (खऱ्या वापराच्या डेटाबेसवर) तीच क्वेरी पाच-सात मिनिटं घेते आणि स्टेजिंगवर (चाचणीच्या डेटाबेसवर) क्षणात होते. कोणीतरी फॉरेन की (या टेबलमधली किंमत दुसऱ्या, पॅरेंट टेबलमध्ये असायलाच हवी, हा नियम) काढून बघतं, क्वेरी पळायला लागते आणि निष्कर्ष निघतो की फॉरेन कीमुळे डेटाबेस मंद होतो. काही महिन्यांनी चाइल्ड टेबलमध्ये (जे पॅरेंटकडे बोट दाखवतं) अनाथ रो, म्हणजे पॅरेंटमध्ये जोड नसलेल्या रो, सापडतात, फॉरेन की परत लावली जाते आणि तक्रार पुन्हा सुरू होते.

फॉरेन की काढणं हा यावरचा इलाज नाही. तिच्या तपासण्यांतली एकेक तपासणी, योग्य इंडेक्स असेल तर, मिलिसेकंदाच्याही अंशात उरकते. वेळ जातो तो दोन ठिकाणी: एक तर तपासणीसाठी अख्खं टेबल वाचावं लागतं, नाहीतर तपासणी दुसऱ्या कुणाच्या लॉकमागे (काम संपेपर्यंत रो राखून ठेवणं) ताटकळते. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. लॉकच्या दुखण्यावर इंडेक्स वाढवत बसलात तर अपडेट आणखी जड होईल, म्हणून आधी आपलं दुखणं कोणतं ते ठरवा.

उदाहरणासाठी दोन टेबलं घेऊ. ग्राहक हे पॅरेंट आणि ऑर्डर्स हे चाइल्ड. ऑर्डर्समधला ग्राहक_आयडी हा ग्राहक टेबलच्या आयडीला जोडलेला आहे. ऑर्डर्समध्ये दोन कोटी रो आहेत असं धरा.

तपासणी कधी होते आणि कधी होतच नाही

चाइल्डमध्ये नवी रो आली किंवा ग्राहक_आयडी बदलला, की डेटाबेस पॅरेंटमध्ये तो आयडी शोधतो. पॅरेंटच्या त्या कॉलमवर प्रायमरी की किंवा युनिक इंडेक्स असतोच, त्यामुळे हा शोध स्वस्त असतो. उलट्या बाजूने, पॅरेंटची रो डिलीट झाली किंवा तिचा आयडी बदलला, की चाइल्डमध्ये कुणी तिच्यावर अवलंबून आहे का ते बघावं लागतं. महाग पडू शकते ती ही दुसरी बाजू, कारण चाइल्डच्या कॉलमवर इंडेक्स असेलच याची हमी नसते. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हे तिन्ही डेटाबेस फॉरेन की लावताना चाइल्ड कॉलमवर इंडेक्स आपणहून बनवत नाहीत. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचं स्टोरेज इंजिन) बनवतं.

ग्राहकाचा पत्ता बदलला तर? काहीच तपासलं जात नाही. पोस्टग्रेसमध्ये जुनी आणि नवी किंमत ताडून पाहिली जाते आणि जोडलेला कॉलम बदललेला नसेल तर तपासणी वगळली जाते. तीच गोष्ट चाइल्डची: ऑर्डरची फक्त स्थिती बदलली तर पॅरेंटकडे जावं लागत नाही. याला एक अपवाद आहे आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. चाइल्डची रो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट) नुकतीच इन्सर्ट केलेली असेल आणि लगेच तिच्यावर अपडेट चालवला, तर कॉलम बदललेला नसला तरी तपासणी पुन्हा होते. आधी रिकामी रो टाकून मग पाच टप्प्यांत ती भरणारा कोड असेल, तर हा खर्च दर टप्प्याला बसतो. सगळ्या किमती जमवून एकदाच इन्सर्ट करा.

म्हणजे पॅरेंटवरचा साधा, आयडीला हात न लावणारा अपडेट मंद असेल तर इंडेक्सची कमतरता हे कारण बहुधा नसतं. लॉककडे बघा. डिलीट मंद असेल, आयडी किंवा कोड बदलणारा अपडेट मंद असेल, तर इंडेक्सपासून सुरुवात करा.

पोस्टग्रेसमध्ये दोषी फॉरेन की कशी पकडायची

नुसतं एक्स्प्लेन उपयोगाचं नाही. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीची तपासणी आतल्या आत ट्रिगरने (रो बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडने) होते आणि ट्रिगरचा वेळ फक्त एक्स्प्लेन ॲनालाइझमध्ये दिसतो. ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो, म्हणून ती ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळा:

बिगिन;
एक्स्प्लेन (ॲनालाइझ, बफर्स) डिलीट फ्रॉम ग्राहक व्हेअर बंद_तारीख < '२०१९-०१-०१';
रोलबॅक;

वरचा प्लॅन सोडा आणि थेट तळाशी जा. तिथे प्रत्येक फॉरेन कीसाठी एक ओळ असते. समजा ती अशी आहे:

ट्रिगर फॉर कन्स्ट्रेंट ऑर्डर्स_ग्राहक_आयडी_एफकी: टाइम=४१२८३०.११७ कॉल्स=५००

वेळ मिलिसेकंदात असतो. ४,१२,८३० भागिले ५०० म्हणजे एका तपासणीला सुमारे ८२६ मिलिसेकंद. एक रो शोधायला इतका वेळ म्हणजे ऑर्डर्स टेबल प्रत्येक वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं जातंय. इंडेक्स असता तर हाच भागाकार एका मिलिसेकंदाच्या बराच खाली आला असता. एका तपासणीला किती वेळ, हा एकच आकडा बघायची सवय लावा. एकूण वेळ फसवतो, कारण कॉल्स लाखांत असतील तर निरोगी तपासण्यांची बेरीजही मोठी दिसते.

टेबल शेवटपर्यंत का वाचलं जातं, हेही समजून घेण्यासारखं आहे. चाइल्डमध्ये अवलंबून असलेली रो सापडली तर शोध तिथेच थांबतो आणि एरर येते. डिलीट यशस्वी व्हायला हवा असेल तर अशी एकही रो सापडता कामा नये, आणि एकही नाही हे सांगायला इंडेक्स नसताना सगळं टेबल पालथं घालावं लागतं. म्हणून यशस्वी डिलीट हाच सर्वांत महाग. स्टेजिंगवर ऑर्डर्समध्ये दोन हजार रो असतात, तिथे हे कधी जाणवतच नाही. प्रॉडक्शनवर चाइल्ड टेबल फुगत जातं तसा त्रास वाढतो, आणि म्हणूनच सहा महिन्यांपूर्वी हीच क्वेरी नीट चालत होती असं सगळे शपथेवर सांगतात. त्यांचं म्हणणं खरंच असतं.

फॉरेन की डिफर्ड असेल तर तपासणी कमिटच्या (ट्रान्झॅक्शनचे बदल कायम करण्याच्या) वेळी होते आणि वरच्या ओळीत तिचा वेळ येत नाही. अपडेट झटपट आणि कमिट मात्र मिनिटभर, असं दिसलं की हेच समजा. एक्स्प्लेनच्या आधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट चालवलं की वेळ उघडा पडतो.

प्रॉडक्शनवर ॲनालाइझ चालवायची मुभा नसेल तर पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये (क्वेरींचा वेळ नोंदणारं एक्स्टेन्शन) ट्रॅकची किंमत ऑल करा. मग आतल्या तपासण्यांच्या क्वेरीही नोंदल्या जातात. त्या ओळखणं सोपं आहे: सिलेक्ट १ फ्रॉम ओन्ली अशी सुरुवात आणि शेवटी फॉर की शेअर ऑफ एक्स. सरासरी वेळेच्या उतरत्या क्रमाने लावा. ज्या क्वेरीत चाइल्ड टेबलचं नाव वर येईल तिथे इंडेक्स नाही. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये त्या चाइल्ड टेबलचा सीक्वेन्शियल स्कॅनचा आकडा डिलीटच्या आधी आणि नंतर बघितला तरी खात्री होते.

एकच फॉरेन की शोधून थांबू नका. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचं कमांड लाइन साधन) पॅरेंट टेबलवर बॅकस्लॅश डी चालवा आणि रेफरन्स्ड बाय खाली आलेली यादी वाचा. ग्राहक टेबलला कधीतरी दहा-बारा टेबलं जोडलेली असतात. त्यात लॉग, सूचना, जुन्या मोहिमांची नोंद अशी विसरलेली टेबलं असतात आणि नेमकी तीच सर्वांत मोठी झालेली असतात.

इंडेक्स बनवताना होणाऱ्या चुका

चालू टेबलवर साधा क्रिएट इंडेक्स चालवलात तर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं सगळं लिखाण थांबतं. क्रिएट इंडेक्स कंकरंटली वापरा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनचं (टेबलांची रचना बदलणारं) साधन आपोआप ट्रान्झॅक्शन उघडत असेल तर त्या एका फाइलपुरतं ते बंद करावं लागतं. मध्येच तुटलं तर अर्धवट इंडेक्स इनव्हॅलिड म्हणून मागे उरतो. तो शोधात वापरला जात नाही, पण प्रत्येक लिखाणाचा भार मात्र घेऊ शकतो. बॅकस्लॅश डी मध्ये इनव्हॅलिड दिसलं तर आधी ड्रॉप इंडेक्स कंकरंटली, मग नव्याने बनवा.

कॉलमचा क्रम महत्त्वाचा. (तारीख, ग्राहक_आयडी) असा इंडेक्स आहे म्हणून निश्चिंत राहणं ही फार वेळा होणारी चूक. तपासणीत तारीख नसते, फक्त ग्राहक_आयडी असतो. इंडेक्समध्ये तो पहिला हवा. (ग्राहक_आयडी, तारीख) असा असेल तर वेगळा एकेरी इंडेक्स लागत नाही.

बहुतेक रोमध्ये फॉरेन कीचा कॉलम नल (रिकामा) असेल, उदाहरणार्थ परतावा_आयडी, तर व्हेअर परतावा_आयडी इज नॉट नल अशी अट घालून आंशिक इंडेक्स बनवा. तपासणी नेहमी ठरावीक किमतीशी बरोबरी करते, नल त्या बरोबरीत येऊच शकत नाही हे प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) कळतं, आणि हा छोटा इंडेक्स तो बिनदिक्कत वापरतो. याउलट व्हेअर स्थिती = 'चालू' अशी अट असलेला आंशिक इंडेक्स तपासणीच्या कामाचा नाही.

दोन्हीकडचे डेटा टाइप सारखे ठेवा. इंटिजर आणि बिगइंटमधला फरक पोस्टग्रेस सांभाळून घेतो. पॅरेंट न्यूमेरिक आणि चाइल्ड इंटिजर असेल तर मात्र तुलनेसाठी चाइल्डचा कॉलम बदलून घ्यावा लागतो आणि त्यावरचा इंडेक्स असून नसल्यासारखा होतो.

इंडेक्स आहे, तरी अडकतं: लॉकचं दुखणं

ओळखायची खूण: सीपीयू निवांत, डिस्क निवांत, क्वेरी मात्र उभी. हीच क्वेरी रात्री झटकन होते आणि गर्दीच्या वेळी अडकते. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये वेट इव्हेंट टाइप लॉक दिसेल. पीजी_ब्लॉकिंग_पिड्सला अडकलेल्या क्वेरीचा पिड (प्रोसेस क्रमांक) दिलात की वाट अडवणारा कोण ते कळतं. लॉग_लॉक_वेट्स चालू ठेवलंत तर डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे मूळ सेटिंगनुसार एका सेकंदापेक्षा, जास्त थांबलेली प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये येते. तिच्या संदर्भात सिलेक्ट १ फ्रॉम ओन्ली दिसलं तर वाट फॉरेन कीच्या तपासणीचीच आहे.

चाइल्डमध्ये रो टाकताना पॅरेंटच्या रोवर फॉर की शेअर हे सौम्य लॉक घेतलं जातं. तपासणी आणि कमिट यांच्या मधल्या वेळात पॅरेंट कुणी उडवू नये, एवढंच त्याचं काम. हे लॉक पोस्टग्रेस ९.३ मध्ये, २०१३ साली आलं. त्याआधी जास्त कडक फॉर शेअर घेतलं जायचं आणि पॅरेंटचा कुठलाही अपडेट चाइल्डच्या इन्सर्टमागे अडकायचा. आता पत्ता किंवा शिल्लक बदलणारा अपडेट आणि चाइल्डचा इन्सर्ट एकमेकांना अडवत नाहीत.

मग अडतं कुठे? सर्वांत जास्त वेळा ॲप्लिकेशनने स्वतः लिहिलेल्या सिलेक्ट फॉर अपडेटमुळे. ग्राहकाची रो फॉर अपडेटने धरली की त्या ग्राहकाची एकही नवी ऑर्डर आत येत नाही, कारण फॉर अपडेट आणि फॉर की शेअर एकत्र नांदत नाहीत. आयडी बदलायचा किंवा रो डिलीट करायची नसेल तर फॉर नो की अपडेट लिहा. एका शब्दसमूहाचा बदल, पण गर्दीच्या टेबलवर रांगच्या रांग मोकळी होते.

दुसरं कारण जरा लपलेलं आहे. कडक लॉक लागायला प्रायमरी कीच बदलायला हवी असं नाही. फॉरेन कीसाठी वापरता येईल असा युनिक इंडेक्स ज्या कॉलमवर आहे, तो कॉलम बदलणारा अपडेटही कडक लॉक घेतो, मग त्या कॉलमला प्रत्यक्षात कुणी जोडलेलं असो वा नसो. ग्राहक टेबलमध्ये ईमेलवर युनिक इंडेक्स असेल आणि ट्रान्झॅक्शनमध्ये ईमेल बदलून पुढे कुठल्या बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट बघत बसलात, तर तितका वेळ त्या ग्राहकाच्या ऑर्डर्स थांबतात. आंशिक आणि एक्स्प्रेशनवरचे युनिक इंडेक्स यात धरले जात नाहीत. बाहेरच्या सेवेला हाक मारायची ती कमिटनंतर, हा नियम इथे सक्तीने पाळा.

एकाच पॅरेंट रोला हजारो ट्रान्झॅक्शन एकाच वेळी जोडू पाहत असतील, तर लॉक सौम्य असलं तरी ते त्या रोवर लिहावं लागतं. पान बदलतं, वॉलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नोंद जाते, एकत्र धरणाऱ्यांची यादी वेगळी ठेवावी लागते. अवाच्या सवा गरम झालेली अशी एखादीच रो असेल, समजा अनोळखी ग्राहकांसाठी ठेवलेली शून्य क्रमांकाची रो, तर त्या ऑर्डर्समध्ये ग्राहक_आयडी नल ठेवणं जास्त चांगलं. नलवर तपासणी होत नाही.

मायएसक्यूएलमधला हमखास डेडलॉक

इनोडीबीमध्ये चाइल्डच्या इन्सर्टसाठी पॅरेंट रोवर शेअर्ड (अनेकांना एकत्र धरता येणारं) लॉक लागतं आणि पॅरेंटच्या कुठल्याही अपडेटला एक्सक्लूझिव्ह (एकालाच धरता येणारं) लॉक. सौम्य प्रकार इथे नाही. आता हा नेहमीचा कोड बघा: आधी ऑर्डर इन्सर्ट करायची, मग ग्राहक टेबलमधला ऑर्डर_संख्या एकने वाढवायचा. एकाच ग्राहकासाठी दोन ट्रान्झॅक्शन एकदम आली. दोघांनीही इन्सर्ट केला, दोघांकडेही ग्राहकाच्या रोवर शेअर्ड लॉक. पहिल्याला आता एक्सक्लूझिव्ह हवं, तो दुसऱ्याचं शेअर्ड सुटायची वाट बघतो. दुसऱ्यालाही तेच हवं, तो पहिल्याची वाट बघतो. हाच डेडलॉक, एरर १२१३.

उपाय क्रमात आहे. आधी ग्राहकाचा अपडेट, नंतर ऑर्डरचा इन्सर्ट. मग दुसरं ट्रान्झॅक्शन पहिल्याच पायरीवर निमूट थांबतं आणि गाठ पडत नाही. गर्दी फारच असेल तर मोजणीचा कॉलम ग्राहक टेबलमधून काढून, फॉरेन की नसलेल्या वेगळ्या टेबलमध्ये न्या. शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये लेटेस्ट डिटेक्टेड डेडलॉक या भागात दोन्ही क्वेरी आणि त्यांनी धरलेली लॉक दिसतात, आवृत्ती ८.० पासून परफॉर्मन्स_स्कीमामधलं डेटा_लॉक्स टेबल चालू स्थिती दाखवतं.

१२१३ आणि १२०५ एकाच हँडलरमध्ये टाकू नका. १२१३ मध्ये पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतलं जातं, म्हणून सुरुवातीपासून पुन्हा चालवायचं. १२०५ म्हणजे लॉकची वाट बघून वेळ संपला, मूळ मर्यादा ५० सेकंद, आणि त्यात मूळ सेटिंगनुसार फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे जातं. आधीचे बदल तसेच उघडे असतात. तिथे सरळ रोलबॅक करून मगच पुन्हा प्रयत्न करा.

आणखी एक घातक गोष्ट म्हणजे रिप्लेस इन्टू. तो दिसतो अपडेटसारखा, पण जुनी रो डिलीट करून नवी टाकतो. फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड (पॅरेंट डिलीट झाला की चाइल्डही डिलीट) असेल तर ग्राहकाचं नाव सुधारताना त्याच्या सगळ्या ऑर्डर्स उडतात. पॅरेंट टेबलवर रिप्लेस वापरूच नका. इन्सर्ट ऑन डुप्लिकेट की अपडेट वापरा.

ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर

ओरॅकलमध्ये चाइल्ड कॉलमवर इंडेक्स नसेल तर पॅरेंटचा डिलीट किंवा प्रायमरी कीचा अपडेट चाइल्डच्या पूर्ण टेबलवर लॉक मागतो. चाइल्डमध्ये कुणाचं एकही ट्रान्झॅक्शन उघडं असेल तरी वाट बघावी लागते, आणि तोवर मागून येणारे सगळे रांगेत. एन्क्यू टीएम कंटेन्शन हा वेट दिसला की पहिला संशय याचाच. प्रायमरी कीला तीच किंमत पुन्हा देणारा अपडेटही यात सापडतो, म्हणून सगळे कॉलम सेट करणाऱ्या ओआरएमला (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून क्वेरी बनवणारं साधन) फक्त बदललेले कॉलम पाठवायला सांगा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्यक्ष एक्झिक्यूशन प्लॅन काढा. डिलीटच्या प्लॅनमध्ये चाइल्ड टेबलवर स्कॅन आणि वर ॲसर्ट दिसलं तर इंडेक्स हवा. रीड कमिटेड स्नॅपशॉट चालू आहे म्हणून वाचणारे अडत नाहीत या भरवशावर राहू नका. फॉरेन कीची तपासणी लॉक घेऊनच वाचते.

कॅस्केड अपडेट

पॅरेंटचा कोड बदलला की चाइल्डच्या सगळ्या जोडलेल्या रो बदलणं हे ऑन अपडेट कॅस्केडचं काम. एका रोचा अपडेट वाटतो, पण त्या कोडच्या तीन लाख ऑर्डर्स असतील तर तीन लाख रो नव्याने लिहिल्या जातात, त्यांचे इंडेक्सही. पोस्टग्रेसमध्ये बदललेला कॉलम इंडेक्समध्ये असल्यामुळे हॉट अपडेटचा (इंडेक्सला हात न लावता होणाऱ्या अपडेटचा) फायदाही मिळत नाही आणि टेबल फुगतं. व्यवहारात बदलू शकणारी गोष्ट, मग तो कोड असो, फोन असो वा ईमेल, फॉरेन कीसाठी वापरूच नये. न बदलणारा अंकी आयडी जोडा आणि कोड हा साधा युनिक कॉलम ठेवा.

मोठ्या प्रमाणावरचे बदल

लाखो रोंच्या ग्राहक_आयडीत बदल करायचा असेल तर पाच ते दहा हजारांच्या तुकड्यांत करा आणि दर तुकड्यानंतर कमिट. पोस्टग्रेस प्रत्येक बदललेल्या रोची तपासणी मेमरीतल्या रांगेत टाकतो आणि स्टेटमेंटच्या शेवटी ती रांग उपसतो. एका स्टेटमेंटमध्ये कोट्यवधी रो घेतल्या तर ती रांगच मेमरी खाऊन टाकते.

त्याहून मोठं काम, जसं पूर्ण टेबल नव्याने भरणं, असेल तर तेवढ्यापुरती फॉरेन की काढणं योग्यच आहे, कारण परत लावताना रोगणिक तपासणीऐवजी एकच जॉइन होतो. ती परत लावायची ती दोन पायऱ्यांत: आधी ॲड कन्स्ट्रेंटला नॉट व्हॅलिड जोडून, मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट. पहिली पायरी लॉक कडक घेते पण क्षणभर. दुसरी वेळ घेते पण लिखाण थांबवत नाही.

मायएसक्यूएलमध्ये फॉरेन_की_चेक्स शून्य करून डेटा भरला आणि परत एक केला, तर मधल्या काळात शिरलेल्या चुकीच्या रो कुणीच तपासत नाही. लेफ्ट जॉइन करून पॅरेंट नल येणाऱ्या रो स्वतः मोजा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नोचेकने बंद केलेली फॉरेन की परत चालू करताना विथ चेक चेक कन्स्ट्रेंट असं दोनदा चेक लिहावं लागतं. एकच चेक लिहिलंत तर ती चालू होते पण जुना डेटा न तपासता, आणि ऑप्टिमायझर तिच्यावर विश्वास ठेवत नाही. सिस.फॉरेन_कीज मध्ये इज_नॉट_ट्रस्टेड एक असलेल्या रो शोधा, अशा फॉरेन की तिथे दिसतील.

इंडेक्स कुठे नको

प्रत्येक फॉरेन कीवर डोळे मिटून इंडेक्स लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पूर्ण बरोबर नाही. ऑर्डर_स्थिती या पाच रोंच्या टेबलला दोन कोटी ऑर्डर्स जोडलेल्या असतील, त्या पाच रो कधी डिलीट होत नसतील आणि त्यांचा आयडी कधी बदलत नसेल, तर तपासणीची महाग बाजू कधी उद्भवतच नाही. तिथे इंडेक्स लावलात तर ऑर्डरची स्थिती बदलणारा प्रत्येक अपडेट जड होतो, आणि स्थिती तर दिवसभर बदलत असते. प्रश्न दोनच विचारा: या पॅरेंटच्या रो कधी डिलीट होतात का किंवा त्यांचा जोडलेला कॉलम बदलतो का, आणि या कॉलमवरून जॉइन किंवा शोध होतो का. दोन्हींना नाही असेल तर इंडेक्स सोडून द्या, आणि पुढे कधी त्या पाचातली एखादी रो काढायची वेळ आलीच तर त्या दिवसापुरता कंकरंटली इंडेक्स बनवून, काम झाल्यावर तो काढून टाका.